जुन्या फोटोंचा करडेपणा

आजोबांचा जुना फोटो दुकानात ‘साफ’ करायला द्यायचा आणि संध्याकाळी कोळशासारखा काळा, चुन्यासारखा पांढरा करून घरी आणायचा, हा प्रकार आमच्या अकोल्या-अमरावतीत आता सर्रास चालतो. फोटो जुना झाला म्हणून फिका पडला, असे दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. माझे म्हणणे असे, की पुष्कळदा तो फिका पडलेला नसतो. मुळात तसाच उतरलेला असतो.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे गळती कुठे होते ते आधी पाहण्याची मला खोड आहे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. चांगल्या कॅमेऱ्याच्या भिंगात असे सहा पृष्ठभाग सहज असत, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून अधिक प्रकाश वाटेतच गळाला. त्यातला काही आत इकडून तिकडे आपटून फिल्मवर धुक्यासारखा पसरतो आणि काळ्याचे करडे होते. गंमत म्हणजे एकाच भिंगाच्या स्वस्त डबा कॅमेऱ्यात पृष्ठभाग दोनच, म्हणून हे धुके कमी!

जुनाट, डागाळलेले भिंग नव्यापेक्षा जास्त प्रकाश आत सोडते, हे इंग्लंडच्या डेनिस टेलरने १८९० च्या दशकातच हेरले होते. जर्मनीत झाइसच्या स्माकुला यांनी १९३५ साली निर्वात पेटीत काचेवर अतिपातळ लेप चढवला. लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आले. पण लेपाची भिंगे सर्वसामान्यांच्या हाती आली ती महायुद्धानंतर.

आता आमचे वैशाखातले ऊन आठवा. अंगणात पांढरे धोतर, ओसरीच्या अंधारात पदर घेतलेली आजी. फिल्मला किमान काही प्रकाश मिळाल्याशिवाय ती जागी होत नाही. भिंगातला हा भटका प्रकाश सावलीला उंबरठ्यापार ढकलतो, म्हणून आजीचा चेहरा अंधुक का होईना, उमटतो. दुकानदार गडद काळा ओततो, तेव्हा पहिल्यांदा तोच जातो.

मी जुन्या काचेचा भक्त नाही. सूर्य समोर ठेवून पऱ्हाटीच्या वावराचा फोटो घ्यायचा, तर काळ्या मातीवरचे पांढरे बोंड लेपाच्या भिंगातूनच नीट सुटे दिसते. १९७१ पासून पेंटॅक्सने आणलेल्या अनेक थरांच्या लेपाने तर ते काम आणखी सोपे केले. तरी भिंगावर धूळ बसली, की लेपाचा निम्मा फायदा गेलाच. आणि धूळ आमच्याकडे काय कमी? भिंगापुढे काळ्या पुठ्ठ्याची नळी लावावी. नाहीतर हाताची सावली धरावी, तीही फुकट.

फोटो खरेच फिका पडला असेल, तर बहुधा पांढरेही पिवळटते. नेगेटिव्ह सापडली, तर ती उजेडासमोर धरा. चौकटीबाहेरचा काठ पारदर्शक दिसेल. आजीच्या जागची सावली त्याहून जराशी धूसर असेल, तर तिथे प्रकाश पोचला होता, मग सरळ आलेला असो की भटका. अशी नेगेटिव्ह रद्दीत टाकू नका. दुकानदाराला सांगा, स्कॅन जसा आहे तसाच आधी वेगळा ठेव. गडद करायचा तो दुसऱ्या प्रतीवर. तो कुरकुर करेल. करू द्या.