साठीनंतरच्या बैठका

वरसावे नाक्यावरून काशिमिऱ्याकडे वळले की दोन्ही अंगांना उंच इमारती दिसू लागतात, आणि इमारत आली की लिफ्ट आलीच. भाईंदरच्या मिठागरांत मीठ ओढणाऱ्या, उत्तनच्या किनाऱ्यावर होड्या ढकलणाऱ्या पिढीला व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता. आता साठी ओलांडली की डॉक्टर सांगतात, ‘रोज अर्धा तास चाला.’ सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे.

स्नायूतल्या तंतूंची संख्या जन्माच्या सुमारासच बहुतेक ठरून गेलेली असते. पुढे वाढते ती त्यांची जाडी. ओझे पेलताना तंतूंवर ताण येतो, प्रथिने बांधण्याचा वेग वाढतो आणि तंतूंच्या कडेला निपचित पडलेल्या पेशी डागडुजीला धावतात. या पेशी अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये दाखवून दिल्या. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत दंड फुगत नाहीत, तरी ताकद वाढते. मेंदू आणि मज्जातंतू अधिक तंतूंना एकदम कामाला लावायला शिकतात. वय वाढते तसे झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी आक्रसतात. पाय घसरल्यावर तोल सावरतात ते हेच, आणि रमतगमत चालण्यात त्यांना फारसे काम नसते.

आपल्याकडे तर मूळ भांडवलच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळे मोजली. सरासरी वजन भरले २.७ किलो; इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. पुण्याच्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचे मोठे काम स्नायू करतात. त्यामुळे ‘वजन आटोक्यात आहे’ एवढ्यावर मराठी माणसाने निर्धास्त राहू नये.

‘उतारवयात ओझे उचलून काय होणार’ हा प्रश्न १९९० मध्येच निकालात निघाला. बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी नव्वदीतल्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली! प्रयोग छोटा होता, हे खरे. पण नंतरच्या अभ्यासांचा कल तोच राहिला. जागतिक आरोग्य संघटना आज वृद्धांनाही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते.

१९५२ मध्ये हेलसिंकीहून खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक आणले त्या महाराष्ट्रात जोर-बैठका कोणाला शिकवाव्या लागू नयेत. पण तालीम पोरांची, आजोबांनी कट्ट्यावर बसावे, असे आपणच ठरवून टाकले. आजींचा तर विचारही नाही. बागांमध्ये ओपन जिम आल्या, मात्र त्यातली बरीच यंत्रे नुसती झुलतात. वजन वाढवायची सोयच नसते, आणि ओझे वाढले नाही तर स्नायू वाढायचे कारण उरत नाही. नव्या यंत्रांऐवजी आठवड्यातून दोन सकाळी एक जाणता प्रशिक्षक बागेत उभा करावा. गुडघे किंवा हृदय दुखणाईत असेल त्याने डॉक्टरला विचारून, खुर्चीला धरून सुरुवात करावी. जोडीला ताटात डाळ, दही, अंडे किंवा मासळी वाढवावी. चहा-खारीच्या रात्रीच्या जेवणावर स्नायू पोसले जात नाहीत.

कोणाला गरज आहे, हे ओळखणेही सोपे आहे. हात छातीशी बांधून खुर्चीतून सलग पाच वेळा उठायला बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार पुढची तपासणी हवी. रक्तदाबाच्या शिबिरात टेबलाशेजारी एक खुर्ची आणि घड्याळ ठेवायला महापालिकेला निविदा काढावी लागणार नाही.