क्षयरोग्याच्या मृत्यूची सबब

क्षयाचे औषध चालू असताना एखादा इसम दगावला, की पारावरचा निकाल ठरलेला असतो. कोणी म्हणतो, ‘गोळ्या मध्येच सोडल्या असतील’; कोणी म्हणतो, ‘गोळ्या उष्ण, त्याला सोसल्या नाहीत.’ एकीकडे औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे उसाचे फड असलेल्या लोणी देवकरसारख्या गावात ही दोन्ही मते जिवावर बेतणारी आहेत, म्हणून त्यांचे खंडन मला अवश्य वाटते.

दुसरे मत आधी घेऊ. या गोळ्यांनी क्वचित यकृतास अपाय होतो, आणि कावीळ दिसताच डॉक्टर गाठावा, हे खरे. परंतु १८८७ साली डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानेच अवघ्या २१व्या वर्षी गेल्या, तेव्हा या रोगावर औषधच नव्हते, आणि बिनऔषधाचा क्षय काय करतो याचा तोच दाखला आहे.

पहिल्या मतात सत्यांश आहे. सहा महिन्यांचा क्रम मोडला, तर रोग उलटतो आणि जंतू औषधास जुमानेनासे होतात. तथापि उपचारकाळातील मृत्यूंचा फार मोठा हिस्सा पहिल्या दोन महिन्यांतच, पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच पडतो. म्हणजे बरे वाटू लागल्यावर गोळ्या टाकून देण्याचा मोह होण्याचा काळ येण्यापूर्वीच तो माणूस गेलेला असतो. मग कसूर त्याच्या माथी कशी मारावी? तो मुळातच उशिरा आलेला असतो; ‘पाचटाची धूळ बसली’ म्हणून महिनोन् महिने खोकला अंगावर काढलेला असतो. वार्धक्य, मधुमेह, एचआयव्हीची बाधा, दारू, पूर्वी होऊन गेलेला क्षय, ही कारणे आहेतच. पण या सर्वांत मला शोचनीय वाटते ती उपासमार.

झारखंडात सुमारे २८०० रोग्यांना शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्याकडे ऊसतोडकऱ्याच्या उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते तेव्हा किलो-किलोचा हिशेब होतो. आणि पाच फूट तीन इंच उंचीचा तोच तोडकरी ३५ किलोवर आला, म्हणजे मरणाच्या उंबरठ्यावर उभा राहिला, तरी त्याला काट्यावर उभे करण्याची तजवीज कोणी करीत नाही! सरकार आता आहारासाठी दरमहा १००० रुपये देते, ते योग्यच. परंतु ज्याला घास गिळवत नाही, त्याला नुसती रक्कम देऊन काय उपयोग?

तामिळनाडूने २०२२ पासून निराळी वाट धरली आहे. निदान होताच वजन-उंची, श्वासाची गती, रक्तातील प्राणवायू आणि आधाराविना उभे राहण्याची शक्ती पाहावयाची, आणि अत्यवस्थ ठरेल त्यास तत्काळ रुग्णालयात ठेवून घ्यावयाचे. या पाहणीस लागणारी साधने साधी आहेत. म्हणून इंदापूर तालुक्यातील आरोग्यसेवकांना, मुकादमांना आणि कारखानदारांना माझी विनंती आहे, की पहिली गोळी हाती ठेवण्यापूर्वी रोग्याला काट्यावर उभे करा, आणि ज्याला उभेही राहवत नाही, त्याला गोळ्यांची पुडी देऊन कोपीवर परत धाडू नका.