कंटेनरचं बिल आणि नव्वद गोण्या

बिल माझ्या फोनवर आलं, कारण कंटेनर मीच ठरवला होता. बिलात तीन ओळी होत्या. कंटेनरचं तीन दिवसांचं भाडं, भरलेला कंटेनर उचलून प्रक्रिया केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च, आणि कर. दादानं ते वाचलं आणि म्हणाला, "बघ, किती व्यवस्थित काम आहे. आईच्या वेळी असं काही असतं का?"

आमची आई सोलापुरात बांधकामावर बिगारी होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. आम्ही वडार. घरात जी वडारी बोलतो ती तेलुगूच्याच घराण्यातली, त्यामुळे हैदराबादला आल्यावर मला भाषेचं फारसं अडलं नाही. मी इथं समाजशास्त्रात पीएचडी करते, दादा बँकेत आहे. दगड फोडणारे, माती वाहणारे आम्हीच महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहोत, कर्नाटकात भोवी म्हणून अनुसूचित जातींत, आणि तेलंगणात वड्डेरा म्हणून मागासवर्गाच्या 'अ' गटात. तीन राज्यांत तीन रकाने, काम मात्र एकच. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे लिहिते आहे ते लांबून बघून लिहिलेलं नाही. राडारोडा आमच्या घरचा विषय आहे.

दादानं जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दोन्ही बाथरूम गळत होते, फोडून नवे करायचे ठरलं. सोसायटीच्या सूचनेत तीन अटी होत्या. मलबा रस्त्यावर किंवा आवारात पडता कामा नये. तो नेण्यासाठी कंटेनर भाड्यानं आणून गेटबाहेर ठेवावा. आणि तिसरी, मलबा व मजूर यांनी लिफ्ट वापरू नये. पहिल्या दोन अटी वाचून मला बरंच वाटलं होतं, हे कबूल करते. हैदराबादचे तलाव कशानं भरले ते इथं राहणाऱ्या कुणालाही विचारा. रात्री ट्रॅक्टर येतात, काठाला मलबा ओततात, आणि त्या काठावर कुणाच्या झोपड्या असतात ते सांगायची गरज नाही. कंटेनर भरून जीडीमेटल्याच्या किंवा फतुल्लागुड्याच्या केंद्रात जातो, तिथं मलबा दळून खडी, वाळू, पेव्हर ब्लॉक होतात. चांगलीच गोष्ट आहे. माझं भांडण कंटेनरशी नाही.

माझं भांडण तिसऱ्या अटीशी आणि त्या तीन ओळींच्या बिलाशी आहे.

आपण एकदा हिशेब करू. पाच बाय सात फुटांचा बाथरूम. खाली फूटभर खोल भराव असतो, विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो झाला जवळपास एक घनमीटर, म्हणजे दीड टनाच्या आसपास. भिंतींवर सात फुटांपर्यंतच्या टाइल्स, त्यामागचा सिमेंटचा थर आणि गिलावा धरला तर आणखी टन-सव्वा टन. एका बाथरूमचे झाले पावणेतीन टन. तीस किलोची एक गोणी धरली तर नव्वद गोण्या. चार मजल्यांच्या ऐंशी पायऱ्या. तिघं जण काम करत असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत खाली उतरणं वजन घेऊन. कुतुबमिनारावरून पाच वेळा पाठीवर गोणी घेऊन उतरायचं आणि दर वेळी रिकाम्या हातानं परत चढायचं, इतकी ती उंची भरते. एका बाथरूमसाठी. तेही इमारतीत लिफ्ट चालू असताना.

कंटेनरवाल्याच्या लेखी मलबा गेटबाहेर जन्मला. त्याच्या आधी तो कुठं होता, कुणी खाली आणला, हे त्याच्या धंद्यात येत नाही. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये 'फोडकाम' होतं, 'टाइल्स बसवणे' होतं, 'मलबा खाली नेणे' नव्हतंच. विचारलं तर म्हणाला, "वो तो लेबर कर लेते." ते लेबर करून घेतात. मराठीत आपण म्हणतो 'मजूर धरले'. डबा भाड्यानं घेतला जातो, माणूस धरला जातो. भाड्याला मुदत असते, करार असतो, उशीर झाला तर दर दिवसाचा जादा आकार असतो. धरलेल्या माणसाला यातलं काय असतं?

धरलेली माणसं पालमूरची होती, म्हणजे महबूबनगरकडची. नवरा-बायको आणि बाईचा धाकटा भाऊ. देशातल्या कित्येक धरणांवर या भागातल्या लोकांनी माती वाहिली आहे, 'पालमूर लेबर' हे नाव त्यातूनच पडलं. दुपारी बाईशी बोलले. तिच्या आणि माझ्या भाषेतलं अंतर दहा मिनिटांत मिटलं. ती सतरा वर्षं हे काम करते आहे, आणि सतरा वर्षांत हेल्परच राहिली. तिच्या डोळ्यांदेखत कामाला लागलेली पोरं मिस्त्री झाली. बाईला कुणी थापी हातात देत नाही. आमच्या आईलाही दिली नाही. मास्क नव्हता, ओढणी तोंडाला बांधलेली होती. टाइल कापताना आणि कोबा फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात बसली की परत निघत नाही, हे मी तिला सांगितलं. ती हसली आणि पुढची गोणी बांधायला लागली. माझं सांगणं मलाच उपरं वाटलं.

आता संडासाची गोष्ट. जुन्या बाथरूममधलं भारतीय पद्धतीचं भांडं काढायचं होतं. टाइल मिस्त्रीनं हात लावला नाही. प्लंबरनं पाइप सोडवला आणि बाजूला झाला. पालमूरच्या तिघांनीही ते उचललं नाही. ठेकेदार म्हणाला, "उसके वास्ते अलग आदमी आता." तो अलग आदमी दुसऱ्या दिवशी आला. भांडं आणि त्याखालचा काळा चिखल त्यानं वेगळ्या पोत्यात भरला आणि एकट्यानं चार मजले उतरवला. त्याची जात मी विचारली नाही. संशोधक म्हणून मला विचारायची सवय आहे, पण इथं गरजच पडली नाही. त्या दिवशी वहिनीनं सगळ्यांना चहा केला. मिस्त्रीला, प्लंबरला, पालमूरच्या तिघांना स्टीलच्या पेल्यांतून. त्याला कागदी कपात, दाराबाहेर.

हे आमच्या घरात झालं. ज्या घरात फोटो बाबासाहेबांचा आहे, ज्या घरातल्या दोघांची शिक्षणं शिष्यवृत्तीवर झाली, आणि ज्या घरातल्या आईला आयुष्यभर गेटबाहेरच्या नळाचं पाणी प्यावं लागलं. आणि मी काही बोलले नाही. कागदी कप मला दिसला होता. श्रमांची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हे बाबासाहेबांनी १९३६मध्ये मांडलं, आणि ते मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. त्या दिवशी माझ्या भावाच्या घरात एकाच मलब्याच्या चार जाती झाल्या होत्या आणि मी हातात पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होते.

संध्याकाळी दादाशी भांडले. त्याचं म्हणणं साधं होतं. तो म्हणाला, "अगं, यंत्रं येऊ दे. कंटेनर आला ना? उद्या ब्रेकर येईल, क्रेन येईल. डोक्यावरचं ओझं गेलं की जात जाईल." आपल्यातल्या शिकलेल्या बऱ्याच जणांचं हेच म्हणणं असतं, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. यंत्र कुठं येतं ते बघा. जिथं दंड होतो तिथं येतं. रस्त्यावर मलबा टाकला तर महापालिका दंड करते, म्हणून रस्त्यावर डबा आला. जिन्यात माणूस वाकला तर कुणालाच दंड नाही, म्हणून जिन्यात काही आलं नाही. लिफ्ट तर आधीपासूनच होती. यंत्र उपलब्ध असून ते नाकारलं गेलं, आणि कारण सांगितलं गेलं की लिफ्ट खराब होते. त्याच लिफ्टमधून पुढच्या आठवड्यात नव्या टाइल्सच्या पेट्या वर गेल्या. टाइल्सच्या पेटीचं वजन गोणीपेक्षा कमी नव्हतं. मी उचलून पाहिली.

इंग्लंडमध्ये घरापुढं असा डबा भाड्यानं ठेवायची जुनी रीत आहे, त्याला तिथं स्किप म्हणतात. रस्त्यावर ठेवायचा तर स्थानिक परिषदेची परवानगी लागते, रात्री त्यावर दिवा लागतो. तिथं पुष्कळ घरमालक शनिवार-रविवारी स्वतः हातमोजे घालून तो भरतात. (तिथल्या बिल्डरांचे मजूर कोण असतात हा वेगळा लेख होईल.) आपण डबा आणला, परवानगी आणली. मालकानं स्वतः हात लावायची रीत तेवढी बंदरातच राहिली. दादाला मी म्हटलं, "दहा गोण्या तू उतरव." तो म्हणाला, "लोक काय म्हणतील, बँकेतला माणूस." मग थोडं थांबून म्हणाला, "आईनं मला यासाठी शिकवलं नाही." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

कायद्याकडं वळू, कारण तिथंही हाच जिना गायब आहे. २०१६च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांत स्थानिक संस्थेनं कचऱ्यासाठी योग्य कंटेनर ठेवावेत, ते वेळेवर उचलावेत, असं होतं. दिवसाला २० टनांपेक्षा जास्त किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन मलबा करणाऱ्यानं काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा असं वेगळं करावं, असंही होतं. २०२५च्या नव्या नियमांनी मोठ्या प्रकल्पांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी घातली, प्रक्रिया करणाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळण्याची सोय केली. म्हणजे विटेच्या तुकड्याला आता खातं आहे, प्रमाणपत्र आहे. तो तुकडा ज्या पाठीवरून आला त्या पाठीचं काय?

त्यासाठी २०२५पर्यंत बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा होता, असं आपल्याला सांगितलं जातं. त्याच्या व्याख्येत दुरुस्ती होती, पाडकामही होतं. पण तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत असे, आणि स्वतःच्या राहत्या घराचं १० लाखांपर्यंतचं काम त्यातून वगळलेलं होतं. २०२०मध्ये संसदेनं ज्या कामगार संहिता मंजूर केल्या, त्यांनी ही मर्यादा ५० लाखांवर नेली. दादाचं काम ५० लाखांच्या आसपासही जात नाही. आपल्यापैकी कुणाचंच जाणार नाही. तीन माणसं, एक फ्लॅट, दोन बाथरूम. देशातल्या मध्यमवर्गाची घरं अशीच फुटतात आणि अशीच सजतात, आणि ती सगळी कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतात. कल्याण मंडळात नोंदणी हवी तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं दाखवायचं. पालमूरच्या बाईनं सतरा वर्षं काम केलं. ते ९० दिवस तिला लिहून कोण देणार? दादा? ठेकेदार? कंटेनरवाला तर तिला ओळखतच नाही.

म्हणून माझं मागणं मोठ्या क्रांतीचं नाही, बिलाचं आहे. मलबा खाली आणण्याची ओळ कोटेशनमध्ये वेगळी लिहिली गेली पाहिजे, गोणीमागं आणि मजल्यामागं दर लावून. महापालिका कंटेनरची परवानगी देते तेव्हा अर्जात घरमालकाचं नाव आणि पत्ता घेते, त्याच अर्जात मलबा उतरवणाऱ्यांची नावं आणि दिवस घ्यावेत आणि तो कागद नोंदणीसाठी पुरावा धरावा. ज्या सोसायटीच्या सूचनेत मजुरांना लिफ्ट बंद आहे तिला परवानगी देऊ नये. संडासाच्या भांड्यासाठी 'अलग आदमी' आणणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये. ते भांडं जो फोडतो त्यानंच हातमोजे, बूट घालून आणि पूर्ण दर घेऊन उतरवावं, नाहीतर मालकानं उतरवावं.

आणि हे मी सोसायटीच्या सवर्ण सेक्रेटरीला उद्देशून लिहीत नाहीये. त्याच्याकडून माझी अपेक्षा कमी आहे. हे तुम्हाला लिहिते आहे. आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्यातल्या अनेकांनी गेल्या काही वर्षांत कर्ज काढून जुने फ्लॅट घेतलेत, बाथरूम फोडायला काढलेत, आणि कोटेशनवर पहिल्यांदा आपली सही मालक म्हणून होते आहे. त्या कागदाचा नमुना आपण तयार केलेला नाही. पण त्यावर जशीच्या तशी सही करायचं बंधनही आपल्यावर नाही.

दुसरा बाथरूम सोमवारपासून फोडायचा आहे. कोटेशनमध्ये वाढवायची ओळ मी ठेकेदाराला लिहून पाठवली आहे, नव्वद गोण्या, चार मजले, दर कोरा ठेवून. दर पालमूरच्या बाईला विचारून भरायचा, असं खाली लिहिलं. दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर आलेलं नाही. सेक्रेटरीनं लिफ्टबद्दल कळवलं आहे की विषय पुढच्या बैठकीत घेऊ. वहिनीनं काल बाजारातून सहा नवे स्टीलचे पेले आणले. का आणले ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कंटेनर उद्या सकाळी येतो आहे.