बोटी ओढणाऱ्यांनो, जरा मागेपण बघा

परवा रात्री कसालवरून मालवणला येत होतो. पुढे एक पिकअप, तिच्या मागे ट्रेलरवर बोट. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. इंजिन ट्रेलरच्याही मागे बाहेर आलेलं. त्याचा पंखा माझ्या हेडलाइटमध्ये चमकला म्हणून ब्रेक मारला, नाहीतर आज ही पोस्ट दुसऱ्या कोणीतरी लिहिली असती.

पुढे उतारावर तो ट्रेलर साप चालावा तसा डावी-उजवीकडे डुलायला लागला. ड्रायव्हरने घाबरून करकचून ब्रेक दाबला. नशीब, समोरून कोणी आलं नाही. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा बोललो, तर उत्तर काय? "हयसरच तर जावचा आसा, काय होनत नाय!"

होतं, दादा. बोटीचं इंजिन मागे, टाकीही बहुतेक मागेच. सगळा भार चाकांच्या मागे गेला की हुकावरचं वजन कमी होतं, आणि वेग वाढला की ट्रेलर डुलतो. बोटीसकट ट्रेलर 1000 किलोचा असेल तर साधारण 100 किलो हुकावर यायला हवेत. दांडा एका हाताने सहज उचलला जात असेल तर समजा, भार मागे आहे. नांगर, जॅकेटं पुढे टाका, तेवढ्याने भागलं नाही तर बोटच पुढे सरकवून बांधा. आणि डुलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक नको, वेग वाढवून सरळ करायचा शहाणपणा तर नकोच.

हुक निसटला तर ट्रेलर धरून ठेवायला दोन साखळ्या लागतात, दांड्याखाली एकमेकींवरून फुलीसारख्या घेतलेल्या. आपल्याकडे तिथे नायलॉनची दोरी असते! बोट पुढून विंचला अडकवली की काम झालं असं वाटतं. मागून पट्टा कोण बांधणार? त्यात खारं पाणी. गरम झालेलं चाक थेट समुद्रात घातलं की आतली हवा आकसते आणि बेअरिंग पाणी ओढून घेतं. गोड्या पाण्याने धुणं, ग्रीस भरणं, एवढंच तर करायचं असतं.

बोटीला परवाना लागतो, सर्व्हे होतो, जॅकेटं मोजली जातात. बरोबरच आहे. पण तीच बोट रस्त्यावर आली की विचारणारा कोणी नाही. मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलरसुद्धा वाहनच आहे, त्याला नोंदणी लागते. गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतलेल्या किती ट्रेलरना नंबर आहे, सांगा बघू?

माझं म्हणणं एवढंच की हंगामाआधी मेरीटाईम बोर्ड आणि आरटीओने एक दिवस मिळून किनाऱ्यावर यावं. पावत्या फाडायला नको. दिवे, साखळ्या, टायर बघावेत, नोंदणीचे कागद तिथेच भरून घ्यावेत. बोटवाले आपलेच आहेत, कर्ज काढून धंदा करतात. त्यांना खेपा मारायला लावल्या तर कोणी येणार नाही.

तोपर्यंत माझ्याकडे लाल रिफ्लेक्टर पट्टीचं अख्खं बंडल पडून आहे. ज्याला हवी त्याने घरी येऊन घेऊन जावी, पैसे नकोत.