दोष हवेचा नव्हे, बैठकीचा

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना शेजारीपाजारी हमखास तीन सल्ले देतात. पाणी बेताने प्या, म्हणजे सारखे उठावे लागणार नाही. वर हवा विरळ, तिने रक्ताच्या गाठी होतात, तेव्हा ॲस्पिरिनची गोळी घेऊन टाका. आणि खिडकीची जागा घेऊन निवांत झोपा. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिला तर घातक आहे.

विरळ हवेच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. विमान पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर असतो त्याहूनही कमी. रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो, पोटातला वायू फुगतो, कानांना दडे बसतात. ज्यांचे हृदय वा फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नये. पण गाठींचे खापर या हवेवर फोडता येत नाही. २००६ साली ब्रिटिश संशोधकांनी निरोगी माणसांना ८,००० फुटांइतका दाब ठेवलेल्या बंद खोलीत आठ तास बसवून त्यांचे रक्त तपासले. एरवीच्या दाबात तेवढाच वेळ बसल्यावर जे आढळले, त्याहून रक्त अधिक गोठू लागल्याचे दिसले नाही.

मग गाठी कशाने होतात? १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा आश्रयस्थानांत खुर्च्यांवर रात्र रात्र बसून काढणारी माणसे फुप्फुसात गाठ अडकून दगावू लागली. डॉ. कीथ सिम्प्सन यांनी त्याची नोंद केली. तिथे ना विमान होते, ना विरळ हवा. पोटऱ्यांचे स्नायू आवळतात म्हणून पायांतले रक्त वर चढते. माणूस बसून राहिला की ते साचते. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच सांगितले: चार तासांहून अधिक बसून केलेला प्रवास, मग विमान असो, रेल्वे की बस, गाठीचा धोका सुमारे दुप्पट करतो. तरीही लांबच्या विमानप्रवासात तो निरोगी माणसांपैकी सहा हजारांत एकाला. घाबरून जाण्याचे कारण नाही.

त्याच अभ्यासात १.६० मीटरहून, म्हणजे सव्वापाच फुटांहून बुटक्या प्रवाशांना धोका अधिक दिसला. आपल्याकडच्या कितीतरी आया यात मोडतात! त्यांचे पाय खाली नीट टेकत नाहीत. पायांखाली एखादी पिशवी ठेवावी.

खरा शत्रू आहे ती भीड. अनोळखी माणसाला उठवायचे कसे, या संकोचाने ही माणसे खिडकीशी तासन्‌तास अवघडून बसतात आणि तहान मारतात. त्यांना पाणी कमी प्या म्हणणे म्हणजे त्या बसून राहण्यालाच खतपाणी घालणे. पाणी प्यायले की उठावे लागते, आणि उठणे हाच उपाय. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. तिने जठरात रक्तस्राव होऊ शकतो. पूर्वी गाठ झालेल्यांनी, नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांकडून मापाचे घट्ट मोजे विचारून घ्यावेत. त्यांचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे.

उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनीही एकच पोटरी सुजली किंवा एकाएकी धाप लागली, तर तो प्रवासाचा शीण समजू नका. तडक रुग्णालय गाठा. आणि तिकीट काढणाऱ्या मुलामुलींनो, आईवडिलांसाठी वाटेकडेची जागा घ्या, आणि दर तासा-दोन तासांनी उठायचेच, हे त्यांना बजावून सांगा.