रिकामा ओव्हन खरंच रिकामा आहे का?



आपल्यातल्या कितीजणींच्या ओट्यावर तो भलामोठा मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शन ओव्हन बसलाय, आणि त्यात होतं काय? दूध गरम. फार तर पापड. विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, त्यात काही नीट होतच नाही." मीही हेच म्हणायचे. आता माझं स्पष्ट मत आहे की दोष ओव्हनचा नाही. एका पेटीत दोन वेगळ्या चुली आहेत, हे आपण लक्षातच घेत नाही.

मला हे कळलं एका डिसेंबरात. सासूबाईंचा चौविहार, सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि मी ऑफिसातून घरी पोचले सव्वापाचला. डाळ तयार होती. बाट्या लवकर व्हाव्यात म्हणून सरळ मायक्रोवेव्हवर लावल्या. बाहेरून पांढऱ्याफटक, आतून दगड! दुसरं काही करायला वेळच उरला नाही. सासूबाईंनी वाटीभर डाळ घेतली, पाणी प्यायल्या आणि पच्चक्खाण घेतलं. एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मायक्रोवेव्ह पदार्थातल्या पाण्याला तापवतो. म्हणून भाजी, ढोकळा, कच्ची केळी झटपट शिजतात. पण बाहेरून कोरडी आच नसते, त्यामुळे तांबूस रंग येत नाही. कणकेतलं पाणी तेवढं उडून जातं. कन्व्हेक्शनमध्ये कॉइल तापते आणि पंखा गरम हवा फिरवतो. ही खरी भट्टी, आणि भट्टीला वेळ द्यावाच लागतो. बाट्यांसाठी 180 अंशांवर दहा मिनिटं ओव्हन रिकामा तापवायचा, मग अर्धा तास भाजायच्या, मध्ये एकदा उलटायच्या. म्हणजे साडेपाचला ताट वाढायचं तर पावणेपाचला ओव्हन लागायला हवा. मला ते जमत नाही. म्हणून आमच्याकडे बाट्या आता रविवारीच.

इतर दिवशी कॉम्बिनेशन. केळी-मटाराचं सारण भरलेली ढोबळी मिरची पंधरा मिनिटांत होते: मायक्रोवेव्ह आतून शिजवतो, गरम हवा वरून भाजते. भांडं मात्र काचेचं, ओव्हनमध्ये चालणारं. धातूचा डबा नुसत्या कन्व्हेक्शनला चालतो, मायक्रोवेव्हला नाही.

बिनअंड्याच्या केकचं तर विचारूच नका. दही आणि सोडा एकत्र आले की मिश्रण वाट बघत नाही, म्हणून ओव्हन आधीच तापलेला हवा. डबा ओव्हनसोबत मिळालेल्या बुटक्या जाळीवर ठेवा, खालूनही हवा खेळली पाहिजे. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही (मुलांना सांगून ठेवा). आणि साध्या मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेली कृती असेल तर तापमान दहा-वीस अंश कमी करा, नाहीतर वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

आता एक गोष्ट, जी मला माहितीपुस्तकात कुठे सापडली नाही. चूल पेटवण्याआधी आपण पुंजणी फिरवतो. ओव्हनचं काय? फिरत्या ताटलीखाली चुरा पडतो, गोड सांडतं, आणि मुंग्यांना दार बंद असलं तरी वाट सापडते. आपण "रिकामा" म्हणून दहा मिनिटं तापवतो तो खरंच रिकामा असतो का? जयणा फक्त गॅसपुरती नाही ना! मी आता वापर झाल्यावर, थंड झाला की, आतून पुसते आणि तापवण्याआधी ताटली उचलून टॉर्चने बघते.

परवा ताटलीखाली तीन मुंग्या निघाल्या. कागदावर अलगद घेऊन खिडकीत सोडल्या, मग बटण दाबलं. केकला पाच मिनिटं उशीर झाला.