ब्लॉकेज सापडलं म्हणजे स्टेंट टाकायलाच हवा का? गेल्या काही वर्षांतले अभ्यास काय सांगतात?

"एका नसेत ९० टक्के ब्लॉकेज आहे. आत्ताच स्टेंट टाकून घेऊ या का?"

अँजिओग्राफी सुरू असताना बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा उत्तर द्यायला बऱ्याचदा पाचदहा मिनिटंच मिळतात. अशा वेळी 'नको' म्हणण्याची हिंमत कोण करणार? आकडा ऐकूनच पायाखालची जमीन सरकते आणि सही होते.

ही सही काही वेळा जीव वाचवते. काही वेळा मात्र घाई करायची गरज नसते. कोणत्या रुग्णाला स्टेंटचा नेमका किती फायदा होतो, हे तपासणारे मोठे अभ्यास अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांतल्या रुग्णालयांमध्ये झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष सोशल मीडियावर मात्र दोन टोकांना जाऊन पोहोचतात. एक टोक म्हणतं, 'स्टेंट म्हणजे निव्वळ धंदा.' दुसरं म्हणतं, 'ब्लॉकेज असेल तर अजिबात थांबू नका.' दोन्ही अर्धवट आहेत.

आधी एक फरक समजून घेऊ

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसांच्या आजाराचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात.

पहिला म्हणजे हार्ट अटॅक. यात नसेत अचानक रक्ताची गुठळी होते, रक्तपुरवठा बंद पडतो आणि हृदयाचा स्नायू मरू लागतो. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. तातडीने केलेली अँजिओप्लास्टी अशा वेळी जीव वाचवते आणि त्यावर वैद्यकशास्त्रात वाद नाही.

दुसरा प्रकार स्थिर हृदयरोगाचा. जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत दुखतं, थांबलं की बरं वाटतं. महिनोन्महिने हा त्रास साधारण तेवढाच राहतो. काहींना तर त्रासच नसतो, तपासणीत ब्लॉकेज सापडतं. या लेखातला सगळा वाद याच दुसऱ्या गटाबद्दल आहे. हे लक्षात न घेता पुढचे आकडे वाचले, तर गैरसमज होईल.

सुरुवात कुठून झाली?

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात १९७७ साली आंद्रेयास ग्रुंटसिग या डॉक्टरांनी पहिल्यांदा एका रुग्णाच्या हृदयाची अरुंद झालेली नस फुग्याने रुंद केली. १९८६ मध्ये फ्रान्समध्ये पहिला स्टेंट बसवला गेला. छाती न उघडता नस मोकळी करता येते, ही फार मोठी झेप होती.

पुढे एक समज रूढ झाला. नस तुंबली की अटॅक येतो, मग ती आधीच मोकळी केली तर अटॅक टळेल. तुंबलेल्या नळासारखं हे गणित कुणालाही पटेल. पण ते रुग्णांवर तपासून पाहायला बरीच वर्षं गेली.

पहिला धक्का : २००७

'करेज' नावाच्या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडामधले स्थिर हृदयरोगाचे २,२८७ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला उत्तम औषधं, दुसऱ्याला तीच औषधं आणि शिवाय अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवल्यावर मृत्यू किंवा अटॅकचं प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के आणि फक्त औषधांच्या गटात १८.५ टक्के निघालं. म्हणजे फरक नाही.

हृदयरोगतज्ज्ञांमध्ये खळबळ उडाली. 'तेव्हाचे स्टेंट जुने होते', 'जास्त धोक्याचे रुग्ण घेतलेच नव्हते', असे आक्षेप आले. त्यांना उत्तर देण्यासाठी आणखी मोठा अभ्यास लागणार होता.

सर्वांत मोठी परीक्षा : 'इस्केमिया'

अमेरिकी सरकारच्या पैशातून झालेल्या या अभ्यासात ३७ देशांतल्या ३२० केंद्रांमधून ५,१७९ रुग्ण घेण्यात आले. त्यात भारतातली रुग्णालयंही होती. या रुग्णांच्या तपासण्यांमध्ये हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं स्पष्ट दिसत होतं, तेही मध्यम ते तीव्र प्रमाणात. एका गटाची अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास झाली. दुसऱ्या गटाला औषधं सुरू केली आणि त्रास आटोक्यात आला नाही तरच पुढचं पाऊल उचललं.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल जाहीर झाला आणि २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. सरासरी तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात पहिल्या गटात १४५ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात १४४.

मृत्यू, अटॅक आणि हृदयाच्या इतर गंभीर घटना एकत्र धरल्या, तर पाच वर्षांचं प्रमाण १६.४ टक्के विरुद्ध १८.२ टक्के होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस मानण्याइतका नव्हता. पहिल्या सहा महिन्यांत तर उलट चित्र होतं. प्रक्रिया झालेल्या गटात अशा घटना ५.३ टक्के, औषधांच्या गटात ३.४ टक्के. कारण प्रक्रियेचा स्वतःचा थोडा धोका असतो. पुढे त्याच गटात नैसर्गिकरीत्या येणारे अटॅक कमी झाले आणि एकूण हिशेब जवळपास सारखा झाला.

त्याच रुग्णांचा पुढचा पाठपुरावा २०२२ मध्ये आला. सात वर्षांचं एकूण मृत्यूचं प्रमाण १२.७ आणि १३.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच होतं. प्रक्रिया झालेल्या गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते, पण इतर कारणांचे जास्त. तज्ज्ञांमध्ये यावर अजून चर्चा सुरू आहे.

मग ९० टक्के ब्लॉकेज निरुपद्रवी असतं का?

नाही. पण अटॅक कसा येतो, हे समजलं की वरचे आकडे कोड्यासारखे वाटत नाहीत.

नसेच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. तो एखाद्या पुटकुळीसारखा असतो. पुटकुळी फुटली की त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि नस बंद होते, हाच अटॅक. आता मेख अशी की, फुटणारी पुटकुळी सगळ्यांत मोठीच असेल असं नाही. ३०–४० टक्के अडथळा करणारा थरही अचानक फुटू शकतो, तर ९० टक्क्यांचा जुना, टणक थर वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो.

स्टेंट एका जागेची दुरुस्ती करतो. आजार मात्र सगळ्या नसांमध्ये पसरलेला असतो. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन, गुठळी होऊ न देणारी अ‍ॅस्पिरिन, ब्लडप्रेशर आणि साखरेची औषधं आणि तंबाखू सोडणं, यांचा परिणाम सगळ्या नसांवर होतो. म्हणूनच चांगली औषधं घेणाऱ्या स्थिर रुग्णात स्टेंटमुळे आयुष्य वाढल्याचं दिसत नाही.

स्टेंटचा उपयोग काय मग? त्रास कमी करणं

इथेही एक शंका होती. 'ऑपरेशन झालं' या भावनेनेच बरं वाटतं, असं तर नाही ना? गोळ्यांच्या चाचणीत खोटी गोळी देऊन हे तपासता येतं. प्रक्रियेचं काय करायचं?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉ. राशा अल-लामी यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाने हे धाडस केलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'ऑर्बिटा' अभ्यासात एकाच नसेत मोठं ब्लॉकेज असलेले २०० रुग्ण होते. सगळ्यांना आधी सहा आठवडे औषधं नीट बसवून दिली. मग कॅथलॅबमध्ये नेऊन गुंगीचं औषध दिलं, कानाला संगीताचा हेडफोन लावला. निम्म्यांना स्टेंट टाकला, निम्म्यांना टाकला नाही. कुणाला काय झालं हे ना रुग्णाला माहीत, ना नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांना.

सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंटच्या गटात सरासरी २८ सेकंदांनी वाढला होता आणि दुसऱ्या गटात १२ सेकंदांनी. हा फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. 'स्टेंटने काहीच होत नाही' अशा पोस्ट तेव्हापासून फिरत आहेत.

पण त्याच पथकाने पुढे काय केलं, हे त्या पोस्टमध्ये नसतं. २०२३ मध्ये 'ऑर्बिटा-२' आला. यावेळी ३०१ रुग्णांची छातीदुखीची औषधं बंद ठेवली आणि तशीच आंधळी चाचणी केली. तीन महिन्यांनी स्टेंटच्या गटातले ४० टक्के रुग्ण छातीदुखीतून पूर्ण मोकळे झाले होते, दुसऱ्या गटात फक्त १५ टक्के. म्हणजे स्टेंटचा परिणाम खरा आहे, मनाचा खेळ नाही. पण नाण्याची दुसरी बाजू अशी की, स्टेंट टाकूनही ६० टक्के रुग्णांचा त्रास पूर्ण गेला नाही.

'इस्केमिया'तही हेच दिसलं. ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला छातीत दुखायचं, त्यांच्यापैकी प्रक्रिया झालेल्या गटातले सुमारे ५० टक्के वर्षभराने त्रासमुक्त होते आणि औषधांच्या गटातले सुमारे २० टक्के. ज्यांना मुळात त्रासच नव्हता, त्यांना फारसा फायदा दिसला नाही.

हे निष्कर्ष कुणाला लागू नाहीत?

- हार्ट अटॅक आलेला असेल किंवा छातीदुखी अचानक वाढली असेल, बसल्याजागी दुखत असेल.
- डाव्या बाजूच्या मुख्य नसेत मोठं ब्लॉकेज असेल. असे रुग्ण 'इस्केमिया'त घेतलेच नव्हते.
- पुरेशी औषधं घेऊनही सहन होणार नाही इतका त्रास असेल.
- हृदयाची पंपिंगची ताकद खूप कमी झाली असेल. या रुग्णांचे वेगळे अभ्यास झाले. ब्रिटनमधल्या ७०० रुग्णांच्या 'रिवाइव्हड' चाचणीत (२०२२) स्टेंटने मृत्यू कमी झाले नाहीत, तर 'स्टिच' या दुसऱ्या अभ्यासात दहा वर्षांनंतर बायपासचा फायदा दिसला.

विरुद्ध दिशेचा पुरावाही येतो आहे. दक्षिण कोरियाच्या नेतृत्वाखालच्या 'प्रिव्हेंट' अभ्यासात (२०२४) रक्तप्रवाह न अडवणाऱ्या, पण फुटण्याची शक्यता असलेल्या थरांवर आधीच स्टेंट टाकला. दोन वर्षांत गंभीर घटना ०.४ टक्के, तर फक्त औषधांच्या गटात ३.४ टक्के होत्या. मात्र कुणाला स्टेंट टाकलाय हे इथे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होतं आणि नोंदलेल्या घटनांमध्ये 'पुन्हा प्रक्रिया करावी लागणं' हेही धरलं होतं. त्यामुळे त्यावरून लगेच सरसकट उपचार बदलणं घाईचं ठरेल.

आपल्याकडचं चित्र

५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने २००४ मध्येच दाखवलं होतं की, दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येतो. म्हणजे घरातला कमावता माणूस आजारी पडतो. त्यामुळे भीती जास्त आणि खर्चाचा फटकाही मोठा.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये (करांशिवाय) इतका खाली आला. आधी त्याची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या घरात होती. पुढे ही मर्यादा वेळोवेळी बदलली. बिलात स्टेंटची किंमत आणि कंपनीचं नाव वेगळं दाखवणंही रुग्णालयांना बंधनकारक केलं गेलं. पण किंमत कमी झाली म्हणजे गरज ठरली असं नाही. तो निर्णय वेगळाच घ्यावा लागतो.

आणखी एक अडचण आहे. या अभ्यासांतल्या रुग्णांना औषधं नियमित मिळत होती आणि त्यांच्यावर लक्ष होतं. 'बरं वाटतंय' म्हणून महिन्याभरात गोळ्या बंद करणाऱ्याला हे निष्कर्ष लागू होत नाहीत. औषधांचा मार्ग निवडला, तर तो पाळावाच लागतो.

डॉक्टरांना काय विचारायचं?

शक्य असेल तर अँजिओग्राफीच्या आधीच हे प्रश्न विचारून ठेवावेत :

१. हा अटॅक आहे की स्थिर आजार? आज निर्णय घ्यायलाच हवा का?
२. मुख्य नसेत ब्लॉकेज आहे का? पंपिंग किती आहे?
३. स्टेंट कशासाठी? त्रास कमी व्हावा म्हणून की जीवाला धोका आहे म्हणून?
४. औषधांचा पुरेसा प्रयत्न झाला आहे का?
५. ब्लॉकेज मधल्या टक्केवारीचं असेल, तर तारेने दाब मोजून (एफएफआर) ते खरोखर रक्त अडवतंय का, हे तपासलं का?

आजार स्थिर असेल, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात काहीच गैर नाही. त्यासाठी सहसा वेळ असतो.

आणि दोन गोष्टी अजिबात करू नयेत. आधीच स्टेंट टाकला असेल, तर असे लेख वाचून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटला, दुखणं थांबेना, तर गॅसेस म्हणून वाट बघत बसायचं नाही. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं. तिथे मात्र स्टेंटचा प्रश्न समोर आला, तर उशीर करण्यात शहाणपण नाही.